गोजराबाईंच्या फरशीवरचा डाग

गॅरेजात काम करणारा माणूस पांढरा शर्ट घालत नाही. सलाउद्दीन मिस्तरी घालायचे. कडक इस्त्रीचा, पूर्ण बाह्यांचा, आणि खांद्यावर लाल चौकड्यांचा रुमाल. वडाळा नाक्यावरून आत वळल्यावर त्यांची पत्र्याची शेड होती. तिथली जमीन वर्षानुवर्षं ऑइल पिऊन काळी ठिक्कर पडलेली, आणि तिच्या मधोमध हा माणूस कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखा उभा. नवीन गिऱ्हाईक हमखास त्यांनाच विचारायचं, "मिस्तरी कुठे गेलेत?" हा प्रश्न कानावर पडला की मिस्तरींचा पुढचा सगळा दिवस चांगला जायचा.

"अंगावर ऑइल सांडलं, म्हणजे कुठंतरी हात चुकला," असं ते म्हणत. आपला हात चुकणाऱ्यांतला नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं, आणि ते त्यांनी कुणापासून लपवून ठेवलं नव्हतं. रोज ते शर्ट धुणाऱ्या सलिमाबींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, याबाबतीत वेगळं मत होतं. पण ते विचारायला कुणी घरापर्यंत येत नसे.

हात मात्र खरोखरच चांगला होता. वडील नाशिक रोडला स्टेशनाबाहेर टांगा चालवायचे. टांग्याचे दिवस सरत आले तसं त्यांनी पोराला भद्रकालीतल्या एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली दिलं. तिथं तो क्लच आणि गिअरबॉक्स शिकला आणि पुढे जन्मभर त्यातच रमला. बाकीची कामं ते करायचे, पण चेहऱ्यावर उपकार केल्याचा भाव ठेवून. टपरीवर चहा पीत बसले की समोरून जाणाऱ्या गाड्यांचे रोग सांगायचे. एखाद्यानं दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना कर्रर्र आवाज केला की त्यांना चहा कडू लागायचा.

त्यांची एक पद्धत होती. क्लचचं काम म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवून पुन्हा चढवायचा, आणि चढवताना कुठं काही बिघडलं तर त्यातलं ऑइल गळायला लागतं. म्हणून काम झालेल्या गाडीखाली ते रात्रभर एक कोरा कागद अंथरून ठेवत. सकाळी मालक आला की तो कागद दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरत. "बघा. आहे कुठं थेंब?" थेंब कधीच नसायचा. कागद मालकाला भेट. एका गिऱ्हाइकानं तो कागद घेतला आणि समोरच्या गाड्यावरून त्यात भजी बांधून नेली. तेव्हापासून मिस्तरी त्याच्याशी जरा तुटक बोलत.

असाच एक कोरा कागद घेऊन दुगावचा भारत आपली पिकअप घरी घेऊन गेला होता. झेंडू आणि भाजीपाला पिकवणारं घर. पिकअप रोज नाशकाच्या बाजारात आणि आठवड्यातून एकदा घाट चढून हरसूलच्या बाजाराला जायची. चढाला इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी पुढं सरकायची नाही, तेव्हा तो तिला मिस्तरींकडे घेऊन आला. मिस्तरींनी गिअरबॉक्स उतरवला. त्यावर इतका चिखल बसला होता की त्यांनी आधी त्याला फवाऱ्यानं अंघोळ घातली. मग नवी क्लचप्लेट बसवली, बॉक्स चढवला, ताजं गिअर ऑइल भरलं. गाडी लोण्यासारखी चालायला लागली. भारत खूश झाला.

मग एके दिवशी गोजराबाईंचा फोन आला. गोजराबाई म्हणजे भारतची आई. सत्तरीच्या पुढच्या, अंगानं काटक, आणि शेताचा कारभार अजून हातातून न सोडलेल्या.

"मिस्तरी, गाडी गळती हाय."

"कोणती गाडी, मावशी?"

"माझ्याकडं काय धा गाड्या हायेत का? तुम्ही पोट फाडून शिवली ती."

मिस्तरी मंद हसले. "मावशी, एसीचं पाणी असेल ते. सगळ्याच गाड्यांचं गळतं."

"आमच्या गाडीला एसी नाय," गोजराबाई म्हणाल्या. "खिडकी हाय."

त्यांचा राग उगाच नव्हता. त्याच वर्षी त्यांनी अंगणात शहाबादी फरशी घालून घेतली होती. त्या फरशीवर बसून बायका झेंडू निवडायच्या, माळा ओवायच्या. चप्पल घालून फरशीवर आलेल्या पाहुण्यालाही गोजराबाई सोडत नसत. आणि आता तिच्या ऐन मध्यावर बशीएवढा काळपट, चिकट डाग पडला होता.

त्यांच्या सुनेनं, प्रतिभानं, डागाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. मिस्तरींनी तो बोटांनी मोठा केला, छोटा केला, आडवा धरून पाहिला. मग निकाल दिला, की फोटोवरून काही कळत नाही, पण ते इंजिन ऑइल असणार, आणि इंजिनाला आपण हातच लावलेला नाही.

"मग हात कशाला लावला व्हता ते सांगा," गोजराबाईंनी फोन सुनेच्या हातातून घेतला. "म्हंजी मी त्याच्या खाली बघते."

भारत गाडी घेऊन आला. मिस्तरींनी खाली वाकून बॅटरी मारली. सगळं कोरडं. गाडी रात्रभर ठेवून घेतली, खाली कागद अंथरला. सकाळी कागद स्वच्छ. मिस्तरींनी तो भारतच्या हातात असा ठेवला, जसं काही सर्टिफिकेटच. "मावशींना दाखव. आणि तू जरा क्लचवरचा पाय उचलून चालवत जा. तुम्ही पोरं पाय ठेवूनच चालवता, मग गाडीला त्रास होतो."

क्लचवरच्या पायाचा आणि गळणाऱ्या ऑइलचा काही संबंध नव्हता. मिस्तरींनाही ते माहीत होतं. पण सांगता सांगता माणूस एखादं वाक्य जास्तीचं बोलून जातो. भारत मात्र गरीब गाईसारखा मान हलवून गेला, आणि त्या दिवसापासून डावा पाय हवेत धरून गाडी चालवायला लागला.

थोड्या दिवसांनी तो परत आला. हातात तोच कागद होता. गोजराबाईंनी तो गाडीखाली घातला होता आणि आता त्यावर मधोमध एक मोठा, पसरलेला डाग होता.

"आईनं सांगितलंय, तुमची वस्तू तुम्हाला परत," भारत म्हणाला.

मिस्तरींनी कागद नाकाशी नेला. इंजिनाचं ऑइल जळकट वासाचं असतं, ब्रेकचं ऑइल पातळ असतं, बोटाला फारसं चिकटत नाही. हा वास त्या कशाचाच नव्हता. सडक्या अंड्यासारखा उग्र दर्प. उस्तादाच्या हाताखाली पहिल्या आठवड्यात जो वास डोक्यात बसला तो हाच. गिअर ऑइल. आणि गिअरबॉक्स उतरवून चढवणारा माणूस पांढरा शर्ट घालून तिथंच उभा होता.

"हं," मिस्तरी म्हणाले. एरवी ते इतकं थोडं बोलत नसत.

त्यांनी गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाचं ऑइल सील बदललं. हे सील म्हणजे फिरणाऱ्या दांड्याभोवतीचं रबराचं कडं. जोड काढताना-घालताना त्याला चीर जाऊ शकते. जुनं सील त्यांनी उजेडात धरून पाहिलं. चीर काही दिसली नाही, तरी "आजकाल सीलमध्ये दमच राहिला नाही" असं दोनदा मोठ्यानं म्हणून घेतलं. खालच्या बोल्टचा वॉशरही नवा टाकला. पातळी बघून कमी झालेलं ऑइल भरलं. कागदाचा विषय या खेपेला त्यांनी काढला नाही.

हरसूलच्या बाजारानंतर पुन्हा फोन आला.

"मिस्तरी, जेवलात का?"

"हो मावशी, आत्ताच."

"बरं झालं. आता सांगते."

त्यांनी सांगितलं ते मिस्तरींनी गुपचूप ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारचा डबा अर्धा परत आला. सलिमाबी नाशकातच वाढलेल्या. घरात भांडण त्या हिंदीत करायच्या, पण टोमणा मारायचा तर मराठीत. डबा उघडून बघत त्या म्हणाल्या, "गाडी गळतेय ते कळलं. तुम्ही कशाला गळालात?"

मिस्तरी हात धुवायला उठले. त्यांना खरी काळजी वेगळीच होती. मागून गळतंय तोवर फक्त फरशी खराब होत होती. पण पुढच्या बाजूनंही सुटलं, तर ऑइल थेट नव्या क्लचप्लेटवर जाणार होतं. ओली प्लेट पकड सोडते. भरलेली गाडी, हरसूलच्या वाटेवरचा वाघेऱ्याचा घाट आणि पकड सोडलेला क्लच हे चित्र त्यांना डोळे मिटले तरी दिसायचं.

शेवटी त्यांनी गाडीचा नाद सोडून नुसता विचार केला. गॅरेजात गाडी थंड असते, गळत नाही. सकाळी बघितली तर कोरडी. नाशकाच्या बाजाराला जाऊन आली की एखादा थेंब. हरसूलहून आली की बशीभर. म्हणजे गाडी तापते तेव्हाच गळते, आणि आपण तिला दर वेळी ताप उतरल्यावर तपासतोय. ही गोष्ट इतक्या उशिरा डोक्यात यावी याचं त्यांना वाईट वाटलं. दुसऱ्या कुठल्या मिस्तरीकडून हे घडलं असतं, तर त्यांनी टपरीवर रंगवून सांगितलं असतं.

"तुमच्याकडची पावडर द्या," ते सलिमाबींना म्हणाले.

"कुणाला लावायचीय?"

"गाडीला."

सलिमाबींनी फडताळातून गुलाबाच्या वासाची डबी काढली आणि हातात देताना म्हणाल्या, "मला कधी एक डबी आणून दिली नाही. आणि त्या गाडीला अंघोळ घालून पावडर लावायला निघालात."

बाजाराच्या दिवशी सकाळी मिस्तरी दुगावला हजर झाले. शर्ट पांढराच. पिकअप अंगणाबाहेर मातीत उभी होती. फरशीवर यायला तिला आता बंदी होती. मिस्तरींनी खाली पोतं अंथरलं, डिझेल आणि ब्रशनं गिअरबॉक्सचं बूड घासलं, रुमालानं कोरडं केलं, आणि सगळीकडे पावडर थापली. ऑइल जिथून सुटेल तिथं पांढऱ्यावर ओल उमटणार, आणि चोर सापडणार, असा बेत होता.

गोजराबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "आता तीट पण लावा," त्या म्हणाल्या. "नायतर दृष्ट लागंल."

टोमॅटो, वांगी, कोथिंबिरीच्या जुड्या मागे भरून झाल्या. भारत स्टिअरिंगवर बसला, मिस्तरी खिडकीशी. तेवढ्यात गोजराबाईंनी लुगडं सावरलं आणि त्या दोघांच्या मध्ये चढून बसल्या.

"आई, तू कशाला?" भारत म्हणाला.

"डाग माझ्या फरशीवर हाय. मी येनार."

गिरणारे मागे पडलं. रस्ता चढायला लागला तशा मिस्तरींच्या सूचना चालू झाल्या. आता दुसरा टाक. थांब, अजून थांब. टाक आता. अरे, क्लचवरचा पाय काढ. भारतचा पाय आधीच हवेत होता. तो आता आणखी वर गेला. मधे बसलेल्या गोजराबाईंच्या गुडघ्यावर गिअरचा दांडा दर वळणाला आपटत होता.

"मिस्तरी," त्या म्हणाल्या, "एक तर तुम्ही चालवा, नायतर त्याला चालवू द्या. दोघांनी मिळून एक गाडी चालवलेली मी अजून बघितली नाय."

मिस्तरी खिडकीबाहेर बघायला लागले. घाटात गाडी पहिल्या-दुसऱ्यात कण्हत चढत राहिली. निम्म्याहून जास्त घाट चढून झाला आणि पायाखालून तो वास वर आला. त्यात गुलाबाच्या पावडरीचा वास मिसळला होता, त्यामुळे तो जास्तच भयंकर लागत होता.

"कुनाची अंडी सडली?" गोजराबाईंनी पदर नाकाला लावला.

"थांबू का, चाचा?" भारतनं विचारलं.

"नको. तापू दे पुरती."

हरसूलच्या बाजारात गाडी थांबली तशी भारतनं कापडाचं पाल टाकून माल उतरवायला घेतला आणि मिस्तरी पोतं घेऊन थेट गाडीखाली गेले. भरल्या बाजारात पांढऱ्या शर्टातला माणूस जमिनीवर आडवा झालेला बघून लोक जमायला वेळ लागला नाही. मिस्तरींना खालून नुसते पाय दिसत होते, आणि प्रत्येक पायाकडे एकेक सल्ला होता. सायलेन्सर गेला असंल. नाय, बॅटरीचं पानी हाय ते. एकानं तर माणसाला लागलंय का याचीही चौकशी केली. पलीकडच्या बाजूनं एकजण मात्र न बोलता उकिडवा बसला आणि मान वाकडी करून बघत राहिला. तो फकिरा. हरसूल ते त्र्यंबक जीपमधून माणसं नेणारा.

मिस्तरींनी बॅटरी मारली आणि ते गोंधळले. मागच्या नव्या सीलपाशी पावडर ओली होती, हे ठीक. पण पुढं, क्लचच्या बाजूलाही एक बारीक ओली रेघ उतरली होती. आणि वर, गिअरच्या दांड्याच्या बुडाशीही ओल होती. एक सील खराब असू शकतं. तिन्हीकडची एकाच वेळी, आणि तीही फक्त घाटात, कशी खराब होतील?

सीलांचा दोषच नाही, त्यांच्या लक्षात आलं. आत काहीतरी कोंडतंय. ऑइल तापलं की आतली हवा फुगते. तिला बाहेर जायला गिअरबॉक्सच्या डोक्यावर बारीक नाक ठेवलेलं असतं, त्याला ब्रीदर म्हणतात. ते नाक बंद झालं की हवा मिळेल त्या फटीतून वाट काढते, आणि जाताना ऑइल घेऊन जाते. सील बिचारी चांगली होती. गाडीचा श्वास कोंडला होता.

ब्रीदर असतो वरच्या अंगाला, गाडीचा तळ आणि बॉक्स यांच्या सांदीत. दिसत नाही, हातच घालावा लागतो. मिस्तरींनी रुमाल खांद्यावर सारखा केला आणि हात वर सारला. गरम पत्र्यानं मनगट भाजलं. बोटं चाचपत नाकापाशी पोचली. नाकावर टोपण नव्हतं. आणि नाकात काहीतरी मऊ होतं.

त्यांनी ते चिमटीत धरून ओढलं. फुस्स असा लांब सुस्कारा आला आणि त्याबरोबर गरम ऑइलची एक चूळ त्यांच्या छातीवर. हातात एक चिंधी होती. ऑइलनं काळी झालेली, पण चौकड्या अजून दिसत होत्या. लाल.

मग सगळं आठवलं. बॉक्स उतरवला तेव्हा ब्रीदरचं टोपण तुटून गेलेलं होतं. फवाऱ्याचं पाणी आत जाऊ नये म्हणून त्यांनी खांद्यावरच्या रुमालाचा कोपरा टर्रकन फाडून त्या नाकात कोंबला होता. धुऊन झाल्यावर काढायचा होता. तेवढ्यात कुणीतरी क्लचप्लेट घेऊन आलं, कुणाचा तरी फोन आला, बॉक्स चढवला गेला. आणि चढल्यावर ते नाक कुणालाच दिसत नाही. पुढं कितीतरी दिवस रुमालाचा कोपरा कुठं गेला, यावरून त्यांनी सलिमाबींना बोल लावला होता.

"काय घावलं?"

गोजराबाई चाकाशी उकिडव्या बसून आत बघत होत्या.

"काही नाही मावशी. कचरा."

"बघू कसला कचरा."

त्यांनी हात पुढं केला तो मागं घेईनात. मिस्तरींनी चिंधी दिली. गोजराबाईंनी ती बोटांवर पसरली, उजेडाकडे धरली. मग त्यांची नजर सावकाश मिस्तरींच्या खांद्यावरच्या रुमालाकडे गेली. रुमालाला एक कोपरा नव्हता. वर लोक विचारायला लागले होते, काय झालं, काय निघालं. मिस्तरींनी डोळे मिटले. अख्ख्या बाजारात आता आपलं काय होणार, ते त्यांना कळत होतं.

गोजराबाई उठून उभ्या राहिल्या. "उंदरानं चिंधी कोंबली व्हती," त्यांनी जमलेल्यांना सांगितलं. "जा आता आपापल्या कामाला. कोथिंबीर ताजी हाय, घ्यायची असली तर घ्या."

मग पुन्हा खाली वाकून, फक्त मिस्तरींना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लय मोठा उंदीर हाय. पांढरा शर्ट घालतो."

लोक पांगले. मिस्तरी बाहेर आले तेव्हा शर्टाच्या पुढच्या बाजूवर ऑइलचा मोठा नकाशा होता, मागच्या बाजूला हरसूलची माती. ब्रीदर उघडा ठेवला तर धूळ जाणार होती. त्यावर बसवायला रबरी नळीचा तुकडा हवा होता. ते इकडेतिकडे बघत असताना फकिरा उठला, आपल्या जीपमधून नळीचा तुकडा घेऊन आला आणि त्यांच्या हातात दिला. मिस्तरींनी ती नळी बसवून तोंड खाली वळवून ठेवलं, कमी झालेलं ऑइल सोबतच्या डब्यातून भरलं आणि पालाशी येऊन बसले. गोजराबाईंनी त्यांना विकायला आणलेल्यातला एक टोमॅटो पुसून दिला. त्यांनी तो खाल्ला.

परतीच्या वाटेवर वास आला नाही, क्लचनं पकडही सोडली नाही. मिस्तरी एकदाही गिअरबद्दल बोलले नाहीत. घरी आल्यावर गोजराबाईंनी खूण केली तशी भारतनं पिकअप फरशीवर घेतली. तिघंही वाकून बघत राहिले. प्रतिभा चहा घेऊन आली, तीही वाकली. फरशी कोरडी राहिली.

"उंदरांचा बंदोबस्त करायला पाहिजे," भारत चहा पिताना म्हणाला. "गोण्यांच्या वासानं येतात ते. औषध आणून गाडीत ठेवतो. आणि चाचा, मी पण आता पाय अजिबात ठेवत नाही क्लचवर. माझ्यामुळं होतंय असं वाटून झोप लागत नव्हती मला."

गोजराबाई बशीतला चहा फुंकत होत्या आणि बशीच्या वरून मिस्तरींकडे बघत होत्या. त्यांनी सांगितलं नसतं. मिस्तरींना ते कळत होतं, आणि त्यामुळंच जास्त अवघड झालं होतं. त्यांनी चहा खाली ठेवला.

"उंदीर नव्हता रे," ते शेवटी म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून भारतपुढं पसरला, फाटका कोपरा त्याच्याकडे करून. "मी कोंबली ती चिंधी, बॉक्स धुताना. काढायची विसरलो. तुझ्या पायाचं मी उगाच बोललो. तुझ्या पायाचा काही दोष नव्हता."

भारतनं रुमालाकडे बघितलं, मग मिस्तरींकडे. त्याला राग यायला हरकत नव्हती. इतके दिवस तो पाय लोंबकळत ठेवून गाडी चालवत होता. मांडी दुखायला लागली होती. पण त्याच्या तोंडून आलं ते भलतंच.

"म्हणजे मी गाडी नीट चालवतो?"

"चालवतोस." मिस्तरींना तेवढ्यावर थांबता आलं नाही. "तिसऱ्यात टाकताना जरा घाई करतोस."

प्रतिभा हसली, आणि मग भारतही. गोजराबाईंनी रिकामी बशी खाली ठेवली. "बोलनं झालं असंल तर माझ्या डागाचं बघू," त्या म्हणाल्या.

मिस्तरींनी बाह्या दुमडल्या. रॉकेल कुठं मिळतं आता, म्हणून डिझेलच घेतलं. मग धुण्याचा सोडा, विटेची भुकटी आणि काथ्या. ते गुडघ्यांवर बसून फरशी घासत होते आणि गोजराबाई पायरीवरून सूचना देत होत्या. तिकडं नाय, इकडं. जोर लावा. कडंला राह्यलं. आता दुसऱ्यानं मधे मधे सांगितलं की कसं वाटतं, ते मिस्तरींना चांगलं कळलं. डाग पुरता गेला नाही. फिकट, पिवळसर अशी त्याची कड राहिलीच. गोजराबाईंनी थोडा वेळ न्याहाळून "राहू द्या" म्हटलं आणि त्यांना जाताना झेंडूची फुलं दिली, सलिमाबींसाठी.

घरी सलिमाबींनी आधी शर्ट बघितला, मग फुलं, मग हकीकत ऐकली. ऐकताना त्या मधेच उठून आत गेल्या. मिस्तरींना वाटलं, हसायला गेल्या. पण त्या सुई-दोरा घेऊन आल्या आणि रुमालाच्या फाटक्या कोपऱ्याला टीप घालत बसल्या. "माझ्यावर आळ घेतला होता," एवढंच म्हणाल्या, आणि मग मात्र हसल्या, बराच वेळ.

पुढच्या आठवड्यात गॅरेजसमोर एक जुनी जीप येऊन थांबली. चालवणारा उतरला आणि शेडमध्ये नजर फिरवत म्हणाला, "चिंधीवाले मिस्तरी तुम्हीच ना?"

मिस्तरींनी ओळखलं. फकिरा. "ती नळी तुम्ही दिली होती," ते म्हणाले. "चिंधीचं काय... उंदीर होता तो."

"मी पलीकडून बघत व्हतो," फकिरा म्हणाला. "तुमच्याच रुमालाची व्हती."

मिस्तरींचा हात खांद्यावरच्या रुमालाकडे गेला. "मग तरी माझ्याकडं आलात?"

"जीपचा क्लच गेलाय. माझ्या वळखीचे दोन मिस्तरी हायेत हितं," फकिरा शांतपणे म्हणाला. "पन त्यांचं विसरायचं अजून राह्यलंय. तुमचं झालं."

मिस्तरींनी जीप आत घ्यायला सांगितली. संध्याकाळी गिअरबॉक्स धुऊन, पुसून वर चढवायची वेळ झाली, तेव्हा त्यांनी चहा पीत बसलेल्या फकिराला हाक मारली, त्याचं बोट धरून ब्रीदरवर ठेवलं आणि म्हणाले, "मोकळं आहे ना? मोठ्यानं सांगा."

"मोकळं हाय," फकिरा म्हणाला, आणि दोघांनी मिळून बॉक्स उचलला.